अहवालाची प्रत

कामगारांचे खटले चालवणाऱ्या वकिलाला काही निकाल मुद्दाम पाठ करावे लागत नाहीत. वापरून वापरून ते पाठ होतात. माझ्यासाठी असा निकाल १ ऑक्टोबर १९९३ चा आहे. 'मॅनेजिंग डायरेक्टर, इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया विरुद्ध बी. करुणाकर'. वकिलांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं 'करुणाकर'. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो दिला आणि बहुमताचं निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंत यांनी. पी. बी. सावंत हे नाव निघालं की लोकांना मंडलचा निकाल आठवतो, बोम्मई आठवतो, निवृत्तीनंतरच्या त्यांच्या सभा आठवतात. मला आधी करुणाकर आठवतो. धुळ्याच्या कोर्टात माझ्याकडे आलेल्या कितीतरी माणसांच्या घरची चूल या निकालाच्या आधारानं पुन्हा पेटली आहे.

मी सोनगीरचा. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर किल्ल्याची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी आमचं गाव. इथूनच दोंडाईचा-शहाद्याकडे रस्ता फुटतो. गाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. माझ्या लहानपणी गल्लीत सकाळपासून ठोक्यांचा आवाज असे. हंडे, कळशा, घागरी, पराती, पाणी तापवायचे बंब. पुढे स्टील आलं, प्लॅस्टिक आलं, लग्नातल्या भांड्यांतून पितळ मागं पडत गेलं आणि घरोघरची मुलं नोकरीला लागली. कोणी सूतगिरणीत, कोणी साखर कारखान्यात, कोणी शाळेत शिपाई, कोणी पतसंस्थेत वसुलीला.

या बदलाची एक बाजू मला वकिली करताना उमजली. भांडी घडवणाऱ्याला धंद्यात खोट येई, उधारी बुडे, पण त्याला कामावरून काढून टाकणारा कोणी नव्हता. हातोडी त्याची, भट्टी त्याची. नोकरीत गेलेल्या त्याच्या मुलाचं पोट मात्र एका कागदावर आलं, आणि त्या कागदावर सही करणारा त्याला बहुतेक वेळा ओळखतही नसे.

बडतर्फीची रीत ठरलेली आहे. आधी आरोपपत्र येतं, ज्याला सगळे 'चार्जशीट'च म्हणतात. मग खातेनिहाय चौकशी लागते. चौकशी अधिकारी साक्षी नोंदवतो, कामगाराचं म्हणणं लिहून घेतो आणि अहवाल तयार करतो. तो अहवाल व्यवस्थापनाकडे जातो आणि व्यवस्थापन शिक्षा ठरवतं. अहवाल लिहून होणं आणि शिक्षा ठरणं, या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडतं याकडे बाहेरच्या कोणाचंच लक्ष नसतं. माणसाची नोकरी मात्र तिथंच जाते. अहवालात आरोप सिद्ध झाल्याचं लिहिलेलं असतं, कशाच्या आधारावर तेही लिहिलेलं असतं, आणि ज्याच्याबद्दल हे लिहिलं त्याच्या हाती ते कधी पडतच नसे.

एका सूतगिरणीतला कामगार माझ्याकडे आला होता. बडतर्फीचा आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून आणलेला. सोबत बायको होती, आणि बहुतेक सगळं तीच बोलत होती. त्याच्यावर सूत चोरून नेल्याचा आरोप. मी चौकशीचा अहवाल मागितला तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "वकीलसाहेब, मनाबद्दल काय लिखेल शे, ते माले कोनीच दखाडं नही." आम्ही कोर्टातून अहवाल मागवला. सगळा निष्कर्ष गेटवरच्या रजिस्टरमधल्या एका नोंदीवर उभा होता आणि त्या वेळी हा माणूस दुसऱ्या पाळीत मशिनवर होता. हजेरीपत्रक तसं सांगत होतं, मुकादमाची सही होती. अहवाल वेळेवर हातात पडला असता तर एका पानाच्या अर्जात त्यानं हे दाखवून दिलं असतं. त्याऐवजी त्याच्या मुलीची शाळा सुटली, दागिने गहाण पडले आणि गावात चोर हे नाव चिकटलं ते वेगळंच.

सावंतांनी सोडवलेला प्रश्न हाच होता. त्याची मुळं आणीबाणीत जातात. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे सरकारी नोकराला काढण्याआधी त्याला दोनदा बोलायची संधी मिळे: एकदा चौकशीत, आणि पुन्हा शिक्षा ठरवण्यापूर्वी. दुसऱ्या वेळी अहवाल आपसूक हाती येई. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ही दुसरी संधी काढून टाकली. मग सरकारी खात्यांनी आणि महामंडळांनी एकच सूर धरला की आता अहवाल द्यायचं कारणच उरलं नाही. २० नोव्हेंबर १९९० रोजी रमझान खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत द्यायला हवी असं सांगितलं, पण त्याआधीचा एक निकाल वेगळं सांगत होता. म्हणून प्रश्न घटनापीठाकडे गेला.

सावंतांचं उत्तर मला आजही वाचताना नवं वाटतं, कारण ते फार साधं आहे. शिक्षेबद्दल बोलायची संधी घटनादुरुस्तीनं गेली हे त्यांनी मान्य केलं. पण अहवाल हा शिक्षेचा भाग नाही, असं ते म्हणतात. दोषी की निर्दोष हे ठरवताना वरिष्ठ अधिकारी जो कागद डोळ्यांसमोर ठेवतो, तो त्या माणसाविरुद्धचा पुरावाच झाला. तो पुरावा त्याला न दाखवता वापरला, तर निर्दोष असल्याचं सिद्ध करायची त्याची पहिली संधीच अपुरी राहिली. म्हणून निर्णय होण्याआधी प्रत दिलीच पाहिजे. नियमात तशी तरतूद नसली तरी द्यायची. नियम उलट सांगत असेल तर तो नियम टिकणार नाही. कामगारानं मागितली नाही तरी द्यायची. आणि हे सरकारी नोकरापुरतं नाही. खाजगी कारखान्यातल्या माणसालाही तोच हक्क.

'मागितली नाही तरी' हे त्यांनी घातलं नसतं, तर आमच्या भागातल्या निम्म्या माणसांना या निकालाचा उपयोग झाला नसता. अर्ज करून प्रत मागणारा कामगार आधीच थोडा शहाणा झालेला असतो, त्याच्यामागे बहुतेकदा युनियन असते. प्रत मागायची असते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी न्यायमूर्तींनी हे कलम लिहिलं. अशा माणसाला डोळ्यांसमोर ठेवून कायदा लिहिणारा न्यायाधीश मला मानवी हक्कांचा न्यायाधीश वाटतो, मग निकालात ते शब्द असोत वा नसोत.

निकालाचा दुसरा भाग मात्र कामगारांच्या वकिलांना टोचतो. प्रत दिली नाही म्हणून बडतर्फी आपोआप रद्द होत नाही. कोर्टानं ती प्रत आता द्यावी आणि ती न मिळाल्यानं आपलं नुकसान कसं झालं हे कामगारानं दाखवावं. ते दाखवता आलं तर त्याला चौकशीपुरतं परत घ्यायचं, अहवाल देण्याच्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा करायची, आणि मागच्या पगाराचं काय ते शेवटी ठरवायचं. यामागचा विचार मला कळतो. ज्यानं खरोखर अफरातफर केली त्याला केवळ एक झेरॉक्स राहिली म्हणून सोडावं, असं कोणी म्हणणार नाही. पण दहा वर्षांनी प्रत हाती घेऊन नुकसान दाखवायचं कसं? साक्षीदार वारलेला असतो, रजिस्टर रद्दीत गेलेलं असतं, मुकादम सुरतेला मुलाकडे राहायला गेलेला असतो. हा भाग मला अर्धाच पटतो. म्हणून माझ्या ऑफिसात एक शिस्त ठेवली आहे: प्रत आली की अहवालाच्या परिच्छेदाला परिच्छेद असं उत्तर त्याच आठवड्यात लेखी द्यायचं, पोच घ्यायची, आणि पोचेची प्रत पक्षकाराच्या घरी ठेवायची. नव्या मुलांना मी वकिलीतलं हे पहिलं काम म्हणून शिकवतो.

करुणाकरवरून मी सावंतांचे मागचे-पुढचे निकाल वाचत गेलो. बाररूमच्या कपाटातले 'एआयआर'चे जाड खंड, दुपारच्या सुट्टीत. त्यांचा जन्म १९३० चा. १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९५ मध्ये निवृत्त झाले. दिल्लीतली सहाच वर्षं, पण त्यात केवढं काम.

१९९० मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाचा एक नियम घटनापीठापुढे आला. महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार देऊन कायम कामगाराला कारण न सांगता घरी पाठवता येत होतं. बहुमतानं तो नियम रद्द केला आणि सावंत त्या बहुमतात होते. मोठ्या पदावर बसलेला माणूस अधिकार जपूनच वापरेल, असं गृहीत धरायला त्यांनी नकार दिला. अधिकार हाती असलेल्यावर विश्वास ठेवून दुबळ्याचं पोट त्याच्या स्वाधीन करायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. १६ नोव्हेंबर १९९२ च्या मंडल निकालात इतर मागासवर्गीयांचं सत्तावीस टक्के आरक्षण टिकलं. त्यात त्यांचं वेगळं पण बहुमताशी जुळणारं निकालपत्र आहे. सोनगीरसारख्या कारागिरांच्या गावात त्या निकालाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

११ मार्च १९९४ चा बोम्मई खटला राज्य सरकारं बरखास्त करण्याबद्दलचा. वरवर त्याचा कामगाराशी काही संबंध नाही. मला मात्र त्यातही तीच रीत दिसली. केंद्रानं अनुच्छेद ३५६ वापरलं तर ते कोणत्या सामग्रीवर वापरलं, हे न्यायालय तपासू शकतं. संसदेची मान्यता मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करायची नाही. बहुमत आहे की नाही हे राज्यपालांच्या दालनात ठरवायचं नाही, सभागृहात मोजायचं. कामगार असो की निवडून आलेलं सरकार, कागद बंद ठेवून त्याला घरी पाठवायचं नाही. पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९९५ ला, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात त्यांनी सांगितलं की प्रसारणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. सरकारनं त्यावर एकहाती मक्तेदारी ठेवायची नाही, आणि पैसेवाल्यांनाही ती आंदण द्यायची नाही. त्यांचं नियमन स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेनं करावं, म्हणजे वेगवेगळे आवाज लोकांपर्यंत पोचतील.

हे वाचताना मला धुळ्याचाच एक जुना न्यायाधीश आठवतो. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड गाजत होतं, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाड्याला आगी लागल्या होत्या. त्याच उन्हाळ्यात महादेव गोविंद रानड्यांची बदली तातडीनं धुळ्याला झाली. सरकारला त्यांचा संशय होता. त्यांची पत्रं इथं फोडून वाचली जात. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. रानड्यांवर आरोप काय, पुरावा काय, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आणि ते मात्र रोज कोर्टात बसून दोन्ही बाजू ऐकून निकाल देत राहिले. याच धुळ्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावरचा त्यांचा मुक्काम लोक विसरलेले नाहीत, दर ३१ जुलैला तिथं गर्दी होते. आमच्या बारला या दोन नावांचा शेजार आहे, हे मी नव्या वकिलांना आवर्जून सांगतो.

सावंतांच्या निवृत्तीनंतरच्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. १९९५ पासून २००१ पर्यंत ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष होते. त्याच काळात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेची माणसं जनसुनावण्या घेत होती. गावच्या रस्त्याचं, बंधाऱ्याचं मस्टर आम्हाला दाखवा, एवढीच त्यांची मागणी. १९९६ मध्ये ब्यावरला मोठं धरणं झालं. माहितीच्या हक्काच्या कायद्याचा मसुदा तयार करायचा ठरला तेव्हा तो सावंतांच्या अध्यक्षतेखालच्या प्रेस कौन्सिलकडे आला, आणि तिथं त्याला कायद्याचं रूप मिळालं. पुढे बऱ्याच वळणांनी २००५ चा माहिती अधिकार कायदा झाला. करुणाकरमध्ये जो न्यायाधीश म्हणाला की या माणसाबद्दल जे लिहिलं आहे ते त्याला दाखवा, तोच पुढे देशातल्या प्रत्येक माणसासाठी तेच मागत होता. मला त्यांच्या आयुष्यातला हा धागा सरळ दिसतो.

त्याचा उपयोग माझ्या टेबलावर रोज होतो. आता शाळेतला शिपाई किंवा ग्रामपंचायतीतला पाणीपुरवठा कर्मचारी माझ्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा हातात कागद असतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज केलेला असतो, तीस दिवस मोजलेले असतात, अपील केलेलं असतं. आमच्या भागातल्या एका शाळेतल्या विधवा स्वयंपाकीणबाईंनी स्वतःच्या चौकशीची सगळी फाईल अशीच काढली होती. पानांना क्रमांक घातलेले, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा. मला म्हणाल्या, "भाऊ, आठे दखा, आठे खोटं शे." सातवी शिकलेल्या बाईंनी माझं निम्मं काम करून आणलं होतं. त्यांचा खटला आम्ही जिंकलो.

२००३ मध्ये अण्णा हजारे यांच्या तक्रारींवरून राज्य सरकारनं सावंतांचा चौकशी आयोग नेमला. तेव्हा खानदेशात त्याची फार चर्चा झाली, कारण चौकशी झालेल्या चार मंत्र्यांपैकी जळगावचे सुरेश जैन आणि नंदुरबारचे विजयकुमार गावित हे दोघे इकडचे. २००५ च्या अहवालात जैन यांच्यासह तिघांवर ठपका आला, गावितांवर आला नाही. पण आयोगानं तक्रारदाराच्याही संस्थांचे हिशेब तपासले आणि त्यांतल्या अनियमितताही नोंदवल्या. त्या वेळी चौकाचौकात लोक आपापल्या पक्षाप्रमाणे खूश किंवा नाराज होते. मला त्यात चौकशीची पद्धत महत्त्वाची वाटली. चौकशी आयोग कायद्याचं कलम ८-ब सांगतं की ज्याच्या लौकिकाला धक्का बसणार आहे त्याला आधी बोलू द्या. सावंतांसारख्या माणसाच्या हाती ते कलम नुसता उपचार राहत नाही.

त्यांची एक गोष्ट मला अडखळायला लावते. २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीनं एका गैरव्यवहाराच्या बातमीत दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या जागी सावंतांचा फोटो दाखवला, तो पंधरा सेकंद पडद्यावर होता. त्यांनी पुण्यात दावा लावला आणि २०११ मध्ये न्यायालयानं शंभर कोटी रुपयांची भरपाई सुनावली. खातरजमा न करता कोणाचंही तोंड गुन्हेगार म्हणून दाखवायचं नाही, हा त्यांचा मुद्दा त्यांच्या साऱ्या निकालांशी सुसंगत आहे. पण एवढ्या रकमेचा धाक जिल्ह्यातल्या छोट्या वर्तमानपत्रांनाही बसतो. आमच्याकडे वाळूउपशावर किंवा रेशनच्या काळ्याबाजारावर लिहिणारा वार्ताहर आधीच जीव मुठीत धरून लिहितो. प्रेस कौन्सिलमध्ये लेखणीच्या बाजूनं बसलेल्या माणसाकडून मी वेगळ्या आकड्याची अपेक्षा केली असती.

गुजरातमध्ये २००२ साली झालेल्या हिंसाचारानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांचं न्यायासन बसलं, त्यात सावंत आणि न्यायमूर्ती होस्बेट सुरेश होते. ज्यांच्या साक्षी पोलीस ठाण्यात नोंदल्या जात नव्हत्या त्यांच्या साक्षी या मंडळींनी ऐकून घेतल्या. ३१ डिसेंबर २०१७ च्या पुण्यातल्या एल्गार परिषदेनंतर अटकसत्र सुरू झालं. तेव्हा ही परिषद न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील आणि आपण भरवली, असं सावंतांनी जाहीरपणे सांगितलं. त्या वेळी त्यांचं वय अठ्ठ्याऐंशीच्या आसपास होतं. त्यांच्या राजकीय भूमिका सगळ्यांना पटत नव्हत्या, आमच्या बाररूममध्येही त्यावरून वाद होत. पण जबाबदारी अंगावर घ्यायची वेळ आली तेव्हा ते मागे सरले नाहीत, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या दिवशी माझी एक तारीख होती आणि युक्तिवादात करुणाकर होता.

आता माझ्याकडे येणारी माणसं बदलली आहेत. सोनगीरच्या पुढे नरडाण्याची एमआयडीसी आहे. आसपासच्या खेड्यांतली मुलं तिथं आणि इतरत्र ठेकेदाराकडे लागतात. त्यांना चार्जशीट मिळत नाही, चौकशी होत नाही, अहवाल लिहिलाच जात नाही. रात्री मुकादमाचा फोन येतो, "उद्यापासून येऊ नको." करुणाकरनं दिलेला हक्क त्यांच्यापर्यंत पोचत नाही, कारण ज्या कागदाची प्रत मागायची तो कागदच नसतो. बहुतेकांकडे आपण तिथं काम करत होतो याचाही पुरावा नसतो. मी मोबाइलमधले हजेरीचे फोटो, बँकेत जमा झालेल्या पगाराच्या नोंदी, ईएसआयचा क्रमांक, असं एकेक गोळा करत बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल माझे बरेच आक्षेप आहेत, पण प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र दिलंच पाहिजे ही त्यांतली तरतूद चांगली आहे. गेले काही महिने रविवारी आम्ही तीन-चार वकील गावोगावच्या पारावर बसतो. ठेकेदाराकडे लागलेल्या मुलांचे नेमणूकपत्रासाठीचे अर्ज लिहून देतो आणि प्रत्येक अर्जाची पोच ज्याची त्याच्या हाती देतो.